मुरणे, झिरपणे, पाझरणे

पाणी जमिनीत मुरते, खडकातून झिरपते आणि उतारावर कुठेतरी पाझरते. ही तीन क्रियापदे बोलताना एकमेकांच्या जागी येत असली, तरी प्रत्येकाची दिशा वेगळी आहे. मुरलेले पाणी आत राहते, झिरपणारे थरांमधून वाट काढते आणि पाझरणारे बाहेर येऊन दिसू लागते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या डोंगराळ मुलखात या तिन्ही क्रिया चांगल्या उमगतात.

हा मुलूख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनला आहे. अखंड काळ्या कातळातून पाणी सहसा जात नाही. भेगा, सांधे आणि मुरमाचे थर यांतून मात्र ते झिरपत उतरते. खाली पुन्हा घट्ट थर लागला की ते आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीत झरा होऊन पाझरते. शिवनेरीवरील गंगा-जमुना या टाक्यांत अशा झऱ्यांचे पाणी बारमाही असते. नाणेघाटात आणि जुन्नरच्या लेण्यांजवळही कातळात खोदलेली टाकी आहेत. प्राचीन शिलालेखांत अशा टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे.

पश्चिमेला सह्याद्रीत धो धो पाऊस पडतो, तर पूर्वेकडे तो झपाट्याने कमी होतो. म्हणून पडलेले पाणी मुरवण्याला इथे मोल आहे. 1972च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामांतून गावोगावी पाझर तलाव झाले. एरवी तलावातून पाणी झिरपले तर ते नुकसान मानतात. पाझर तलाव मात्र त्यासाठीच बांधतात. त्यातून निघालेले पाणी खालच्या बाजूच्या विहिरींना मिळते. तलावाच्या बाजूने पाहिले तर पाणी बाहेर पडते, म्हणून तो पाझर. जमिनीच्या बाजूने तेच पाणी मुरते.

मुरण्याला मर्यादाही असते. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्याआधी मुसळधार पाऊस झाला होता. तीव्र उतारावरची माती पाण्याने भरली की जड होते, तिच्या कणांमधला पाण्याचा दाब वाढतो आणि खालच्या खडकावरची तिची पकड सुटते. मुरलेल्या पाण्याला निघायला वाट हवी, हे डोंगराच्या पायथ्याशी वस्ती वसवताना विसरून चालत नाही.

लाक्षणिक अर्थांतही या क्रियापदांनी आपापली दिशा सोडलेली नाही. लोणचे मुरते तेव्हा मीठ-मसाला फोडींच्या आत जातो. राजकारणात मुरलेला माणूस वर्षानुवर्षे त्यात राहून तयार झालेला असतो. व्यवहारात काही लपवलेले आहे असा संशय आला की ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ असे म्हणतात, कारण जे मुरले ते दिसत नाही.

झिरपण्यात अंतर आणि वेळ दोन्ही असतात. एखादा विचार समाजाच्या तळापर्यंत झिरपतो, म्हणजे तो एका थरातून दुसऱ्या थरात हळूहळू उतरतो. सरकारी योजनेचा लाभ खालपर्यंत झिरपला नाही असे म्हटले की मधल्या कुठल्यातरी थराने तो अडवला, असा अर्थ होतो.

पाझरणे भावनेचे आहे. डोळे पाझरतात, शब्दांतून माया पाझरते, आणि कठोर माणूस हेलावला तर दगडाला पाझर फुटला असे म्हणतात. घट्ट कातळाच्या या मुलखात जिवंत झरे आहेत, म्हणून हा वाक्प्रचार इथे नुसती अतिशयोक्ती वाटत नाही.

गळणे या तीन क्रियापदांच्या जवळचे, पण वेगळे आहे. छप्पर गळते, नळ गळतो, शाळेतून मुलांची गळती होते. मुरलेले आणि झिरपलेले पाणी पुढे कुणाच्या तरी कामी येऊ शकते. गळतीत मात्र हाती असलेले निसटते. म्हणूनच विहिरींना पाणी पुरवणाऱ्या तलावाला ‘गळका’ न म्हणता ‘पाझर तलाव’ म्हणतात.