संगणकावरील स्कोअरची लय का चुकते?

पाश्चात्य स्वरलिपीत संगीत लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फिनाले या सॉफ्टवेअरचा विकास थांबवत असल्याची घोषणा मेकम्युझिक या अमेरिकी कंपनीने २६ ऑगस्ट २०२४ रोजी केली. १९८८ मध्ये बाजारात आलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये जगभरच्या संगीतकारांचे, गायनवृंदांचे आणि संगीतशिक्षकांचे स्कोअर साठलेले आहेत. ते डोरिको, सिबेलियस किंवा म्यूझस्कोअर यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हलवण्याची वेळ त्यांच्यावर आली आहे. या स्थलांतरात स्वर बहुधा सुखरूप पोहोचतात. लय मात्र पुष्कळदा वाटेत हरवते. पानावर ‘क्रॉचेट = ७२’ असे स्वच्छ दिसत असते आणि संगणक तीच रचना भलत्याच गतीने वाजवतो.

हा दोष वरवर किरकोळ वाटतो. परंतु अनेक गायनवृंदांत गायकांना घरी सरावासाठी संगणकाने वाजवलेली ध्वनिफाइल दिली जाते. कोणत्या ओळीपर्यंत श्वास पुरवायचा, कोणता शब्द किती लांबवायचा, हे गायक त्या फाइलवरूनच शिकतात. चुकीच्या गतीवर पक्के झालेले गाणे मोडून पुन्हा बसवणे हे नवे गाणे शिकवण्याहून कठीण असते.

मूळ कारण असे की, पानावर दिसणारी गतीची खूण आणि संगणकाने पाळावयाचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्कोअरची देवाणघेवाण ज्या म्यूझिकएक्सएमएल स्वरूपात होते, त्यातही डोळ्यांसाठीची खूण एका ठिकाणी आणि वादनासाठीची गती दुसऱ्या ठिकाणी नोंदलेली असते. यांपैकी दुसरी नोंद नसली, तर संगणक स्वतःकडील ठरावीक गती धरतो. ती बहुतेक वेळा मिनिटाला १२० क्रॉचेट इतकी असते. हा आकडा मिडी पद्धतीच्या फाइलींमधून आला आहे. तेथे गती न सांगितल्यास एक क्रॉचेट ५,००,००० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा मानला जातो.

म्हणून पहिली तपासणी मनगटी घड्याळाने करावी. क्रॉचेट = ७२ असलेल्या आणि चार-चार तालात लिहिलेल्या रचनेचे एका मिनिटात १८ बार वाजले पाहिजेत. ३० बार वाजले, तर गती १२० आहे आणि लिहिलेली खूण संगणकापर्यंत पोहोचलेलीच नाही, असे समजावे. अशा वेळी ती खूण साधा मजकूर म्हणून टंकित झालेली असते; संगणकाच्या लेखी ते केवळ चित्र होय. ती पुसून गतीसाठी असलेल्या खास साधनाने पुन्हा लिहावी. म्यूझस्कोअरमध्ये योग्य त्या स्वरावर आल्ट, शिफ्ट आणि टी या कळा एकत्र दाबल्या की हे साधन मिळते. विंडोजवरील सिबेलियसमध्ये कंट्रोल, आल्ट आणि टी, तर डोरिकोमध्ये शिफ्ट आणि टी या कळा आहेत.

गती चुकली, पण १२० नाही, असे आढळल्यास एककाकडे पाहावे. सहा-आठ तालातील रचनेवर ‘डॉटेड क्रॉचेट = ६०’ असे हवे असताना टिंब राहून गेले, तर रचना दोन-तृतीयांश गतीने चालते आणि तीन मिनिटांचे गाणे साडेचार मिनिटे लांबते. मिनिमऐवजी क्रॉचेट धरला गेला, तर गती थेट निम्मी होते. एका टिंबाने एवढा गोंधळ होतो, हे नवख्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

खूणही बरोबर आणि एककही बरोबर असेल, तर दोष स्कोअरमध्ये नसून वादनाच्या पट्टीत असण्याचा संभव आहे. सरावासाठी गती कमी करणारा सरकता दर्शक कोणीतरी खाली ओढून तसाच ठेवलेला असतो. तो १०० टक्क्यांवर आणावा. डोरिकोमध्ये स्कोअरमधील गती पाळण्याची आणि एकच ठरावीक गती ठेवण्याची, अशा दोन अवस्था आहेत. दुसरी अवस्था चालू असेल, तर पानावर काहीही लिहिले तरी फरक पडत नाही.

फिनालेतून आलेल्या स्कोअरमध्ये सर्वांत फसवी जागा म्हणजे ‘रिट.’ ही मंदावण्याची सूचना. फिनालेतील ह्यूमन प्लेबॅक ही सोय असे शब्द वाचून आपोआप लय ओढत असे. ती ओढ फाइलीत लिहिलेली नसल्यामुळे नव्या ठिकाणी शब्द पोहोचतो, परिणाम पोहोचत नाही. म्यूझस्कोअरच्या २०२२ मधील चौथ्या आवृत्तीपासून गतीच्या संचातील ‘रिट.’ वादनातही पाळला जातो, मात्र तो त्या संचातूनच घातलेला असावा लागतो. पुढे मूळ गती परत आली नाही, तर त्या जागी आकड्यासह नवी खूण घालून ती लपवून ठेवता येते. ‘अँदान्ते’, ‘अलेग्रो’ या शब्दांवर तर विसंबूच नये. आपल्याकडील विलंबित किंवा मध्य लयीप्रमाणे त्यांनाही एकच निश्चित आकडा नाही.

गतीबरोबर स्वरही चढला किंवा उतरला, तर मात्र दोष ध्वनियंत्रणेत शोधावा. ४४,१०० नमुन्यांची ध्वनिफाइल ४८,००० च्या दराने वाजली, तर ती सुमारे नऊ टक्के जलद होते आणि स्वर जवळजवळ दीड अर्धस्वराने चढतो. टेम्पोची खूण स्वराला कधीच हात लावत नाही. आवाज अडखळत असेल, पण बारचा क्रमांक संथपणे पुढे सरकत असेल, तर संगणकावर भार अधिक आहे, लय ठीक आहे.

ज्यांच्या संगणकावर फिनाले अजून चालते, त्यांनी प्रत्येक रचना म्यूझिकएक्सएमएल स्वरूपात काढताना तिची ध्वनिफाइलही काढून ठेवावी. नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर हे सॉफ्टवेअर चालेलच याची शाश्वती नाही, आणि मूळ लय कशी होती हे कानांनी पडताळण्यासाठी ती ध्वनिफाइलच हाती राहील.