मुठीतल्या नाण्यावर डोळा

साताऱ्यात शाळेजवळ आमचं किराणा दुकान आहे. सासऱ्यांच्या वेळचं, आता गल्ल्यावर मी बसते. खाऊच्या कंपन्या मुलांना कशा गाठतात ते मला रोज दिसतं. आईवडिलांनाही ते दिसावं, म्हणून लिहिते आहे.

पोराच्या मुठीत पाचचं नाहीतर दहाचं नाणं असतं, म्हणून पाकिटाची किंमतही तेवढीच राहते. तेल-साखर महागली की किंमत जागची हलत नाही, आतले ग्रॅम कमी होतात. वजन मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते कोणतं पोर वाचणार? आणि जिथे ग्रॅमही कमी करता येत नाहीत, तिथे धंदाच बसतो. रावळगावच्या गोळ्या, ते पान पसंद, मँगो मूड, आमच्या लहानपणी प्रत्येकाच्या खिशात असायच्या. मालेगाव तालुक्यातला हा वालचंद हिराचंदांचा कारखाना. कच्चा माल आणि मजुरी वाढली, पण गोळीचा भाव त्या मानाने वाढवता येईना, हे ब्रँड विकताना कंपनीने दिलेल्या कारणांपैकी एक. २०२४ साली रिलायन्सने ते सगळे ब्रँड २७ कोटींना घेतले.

नवा माल आणणारा सेल्समन दराआधी जागा विचारतो. चिप्सच्या माळा दारातच हव्यात, तिसरी-चौथीतल्या मुलाचा हात पोचेल अशा. तूरडाळ, साबण वरच्या फळीवर चालतात, कारण ते आई घेते. पाकिटात खेळणं असेल तर चव कुणी विचारतही नाही. पोरं एकेक पाकीट दाबून, कानाशी हलवून आतली वस्तू चाचपतात आणि हवं ते लागेपर्यंत माळ सोडत नाहीत. कॉलेजच्या मुलांना माळ लागत नाही. त्यांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं. “काकू, कोरियन नूडल्स आल्या का?” असं विचारत येतात, आणि आमच्या वितरकाकडे माल पोचलेलाही नसतो.

कायदा झोपलेला नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. २०२२ पासून मुलांच्या वाहिन्यांवर चिप्स आणि थंड पेयांच्या जाहिरातींना मनाई आहे. आमचं दुकान त्या ५० मीटरच्या बाहेर पडतं. पोरं तेवढं अंतर धावतच येतात.

मला आशा वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. २०२३ मध्ये एका तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला. कंपनीची नोटीस आली, त्याला तो काढावा लागला. पण तोवर तो घरोघर पोचला होता. त्याच वर्षाअखेरीस १०० ग्रॅममागची वरून घातलेली साखर ३७.४ वरून ३२.२ ग्रॅमवर आली. तेव्हापासून डबा फिरवून मागचा मजकूर वाचणारी मुलं दुकानात दिसू लागली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, हे मी आलेल्या प्रत्येक मुलाला सांगते. साखर यादीत दुसरी असेल तर काय समजायचं ते त्याचं त्याला कळतं.

खाऊ बनवणाऱ्या आपल्या बचत गटांना मात्र, कंपन्यांसारखं, अजून मूल हे गिऱ्हाईक वाटत नाही. नाचणीची बिस्किटं पाव किलोच्या पुड्यात येतात, वर ‘पौष्टिक’ लिहिलेलं. आई हातात घेऊन बघते, पोर वळूनही बघत नाही. मी गटातल्या बायकांना म्हटलं, चार बिस्किटं दहा रुपयांत द्या, माळ करून द्या, मी चिप्सच्या शेजारी लावते. त्यांनी दिली, आणि मधल्या सुट्टीत ती जाऊ लागली. आता अडचण पाकिटाची आहे. साध्या प्लास्टिकमध्ये बिस्किटं पावसाळ्यात मऊ पडतात. चिप्सच्या जाड चकचकीत पाकिटात नायट्रोजन भरलेला असतो, म्हणून ते कुरकुरीत राहतात. तशी पाकिटं भरणारं यंत्र एका गटाला परवडणारं नाही. तालुक्यातल्या चार-पाच गटांनी मिळून घ्यावं म्हणून त्या बायका बँकेत खेटे घालताहेत, आणि माझ्या दारातली एक माळ मी त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे.