लेझीम मिरवणुकीपुरतीच का?

कपाशीचे पान लाल पडले की आपण दुसऱ्या दिवशी ते पान घेऊन कृषी सेवा केंद्रात जातो. पण रोज पारावर बसणारा माणूस आठ दिवस दिसला नाही, तर "असेल कामात" म्हणून सोडून देतो. पिकाची निगा वेळेवर लागते, तशी माणसाचीही लागते. त्यासाठी उपयोगी पडणारे एक साधन आपल्या गावात पूर्वीपासून आहे. ते म्हणजे सर्वांनी मिळून तालावर नाचणे.

नाच म्हटले की काहीजण हसतील. पण लेझीम, वारीतली पावली, फुगडी-झिम्मा, धनगर बांधवांचे गजनृत्य, पालघरकडचा तारपा हे सगळे नाचच आहेत. अमेरिकेत मेरियन चेस या नृत्यशिक्षिकेने १९४२ पासून वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात रुग्णांसाठी नृत्य सुरू केले. पुढे १९६६ मध्ये तिथे नृत्योपचार करणाऱ्यांची संघटनाही उभी राहिली. आपल्याकडे पुण्यात हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले. हे जाणकारांचे काम झाले. पण अंग आणि मन मोकळे ठेवण्यापुरते तालाचे काम गावातही होऊ शकते.

दिवसभर राबतो, मग हे कशाला?

हा प्रश्न तुम्ही विचारणारच. त्याचे उत्तर असे, की राबणे वेगळे आणि व्यायाम वेगळा. खुरपताना बाई तासन्‌तास वाकलेली असते. सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन फवारणी करताना एकच हात दांडा मारत राहतो. म्हणजे ठरावीक सांध्यांवर ताण येतो आणि बाकीचे अंग आखडते. लेझीम खेळताना मात्र वाकणे, उठणे, वळणे, दोन्ही बाजूंना हात नेणे, सगळे आलटूनपालटून होते. फुगडीत तोल आणि पायांची ताकद लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत असे म्हटले आहे. म्हाताऱ्या माणसांचे पडणे टाळायचे तर हे महत्त्वाचे आहे. त्यांना फुगडी नको, सावकाश पावली पुरे.

दुसरा फायदा मनाचा. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका तालात मिळून नाचलेल्या मुलांची दुखणे सोसण्याची ताकद वाढलेली दिसली आणि आपसातली जवळीकही वाढली. टाळ घेऊन भजनात उभे राहिल्यावर शीण कसा उतरतो, हे आपल्या वारकऱ्यांना वेगळे सांगायला नको.

गावात सुरुवात कशी कराल?

आठवड्यातले दोन-तीन वार ठरवा. संध्याकाळी धारा काढून झाल्या की शाळेच्या पटांगणात किंवा देवळाच्या मंडपात जमा. शाळेच्या कपाटात लेझिमी पडून असतील, तर मुख्याध्यापकांकडे मागा. हलगी किंवा ढोलकी वाजवणारा गावात असतोच. डीजे नको, त्याच्या आवाजात ना ताल सापडतो, ना शेजाऱ्याशी बोलता येते.

पहिली पाच मिनिटे संथ पावले, मग वीस मिनिटे खेळ, शेवटी पुन्हा संथ. त्यानंतर लगेच उठून जाऊ नका. दहा मिनिटे गोलात बसा, पाणी प्या, बोला. बायकांचा गोल त्यांच्या सोयीच्या वेळी ठेवा. बचत गटाच्या बैठकीला जोडला तर उत्तम.

काळजीही घ्या. छातीत दुखणे, चक्कर, वाढलेला रक्तदाब किंवा गुडघ्याचा जास्त त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईनेही विचारूनच भाग घ्यावा. ज्याला उभे राहणे जमत नाही, त्याने खुर्चीवर बसून टाळ धरावा. फवारणी करून आलात तर आंघोळ करून, कपडे बदलूनच या.

रिकामी जागा ओळखा

नाचल्याने कर्ज फिटत नाही की पाऊस पडत नाही, हे आम्हालाही कळते. पीकविमा, बँक यांची कामे त्या त्या ठिकाणी करावीच लागतील. पण नेमाच्या गोलाचा मोठा उपयोग हा, की त्यातली रिकामी जागा लगेच दिसते. कोणी दोन वेळा आला नाही, तर तिसऱ्या वेळेची वाट पाहू नका, त्याच रात्री घरी जा. "का आला नाहीस?" असा जाब विचारू नका. बाजूला बसा, ऐकून घ्या. मरणाची भाषा, सतत निजून राहणे, दारू वाढणे असे काही दिसले, तर त्याला एकटे सोडू नका. घरातली कीटकनाशके कुलपात ठेवा. १४४१६ या शासनाच्या टेली-मानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही. प्राथमिक आरोग्य केंद्रातही घेऊन जा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती, की येत्या ग्रामसभेत एवढे तीनच ठराव करा: वार, जागा आणि हलगी कोण वाजवणार. आशाताई आणि पोलीस पाटलांनाही गोलात उभे करा. खर्च फारसा नाही. पेरणीच्या घाईत एखादा वार चुकला तर चुकू द्या, पण नेम मोडू नका.