शहर घडताना (भाग 6) : इंदूरची मिरवणूक आणि नगरचे गुंठे

मागच्या भागात निजामशाहीतल्या खापरी नळांची माहिती घेतली. 1490 मध्ये सीनेच्या काठी वसलेल्या नगर शहरासाठी आसपासच्या गावशिवारांतून जमिनीखालून पाणी आणले गेले. वस्ती आणि पाणी यांचा विचार तेव्हा एकत्र होत होता. आज क्रम उलटा झाला आहे. आधी घरे उठतात, मग नळाची मागणी होते आणि रस्त्याचा विषय सगळ्यात शेवटी निघतो. 2003 मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, 2011 च्या जनगणनेत तिच्या हद्दीत 3,50,859 माणसे होती. एकेकाळी वेगळी गावे असलेली केडगाव, सावेडी, बोल्हेगाव, नागापूर आता शहराचेच भाग आहेत.

ही वाढ होते कशी, ते बांधावर उभे राहिले की दिसते. एक एकर म्हणजे 40 गुंठे. एक गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद तुकडा. शेतमालक पैशाच्या गरजेला दोन-दोन गुंठे विकतो, मधे दहा-पंधरा फुटांची बोळ सोडतो. शेजारचा मालकही तेच करतो, पण त्याची बोळ निघते भलत्याच बाजूला. दोन्ही बोळी बांधाशी येऊन थांबतात. तिथे पुढे ना घंटागाडी वळते, ना अग्निशमनाचा बंब. सांडपाण्याला उतार मिळत नाही, शाळेला किंवा बागेला जागा उरत नाही. राज्याने 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, 2021 मध्ये त्याची मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे त्यात घेतली. घरमालकांना त्याचा आधार मिळाला, हे चांगलेच झाले. पण कागद नियमित झाला म्हणून बोळ रुंद होत नाही.

हा पेच जगात पहिल्यांदा नगरला पडलेला नाही. जर्मनीत फ्रँकफुर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्यापुढे तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी होता. शहराभोवती शेतांच्या अरुंद पट्ट्या होत्या आणि त्यांवर धड इमारत उभी राहत नव्हती. 1902 मध्ये त्यांच्या आग्रहाने कायदा झाला : सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते आणि मोकळ्या जागा काढून घ्यायच्या आणि उरलेली जमीन नीट आकाराच्या भूखंडांत मूळ मालकांना परत द्यायची.

ही कल्पना फार लवकर आपल्याकडे आली. मुंबई सरकारचे सल्लागार सर्वेक्षक ए. ई. मिराम्स यांच्या पुढाकाराने 1915 चा मुंबई नगररचना कायदा झाला; त्यात इंग्लंडच्या 1909 च्या कायद्याबरोबर फ्रँकफुर्टची ही पद्धतही उतरली. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले इथल्या पत्त्यांत आजही दिसणारी 'टीपीएस' ही अक्षरे त्या नगररचना योजनांचीच आहेत.

त्याच काळात स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडीस भारतात आले. मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. आधी गल्लीबोळ पायी फिरून पाहणी करायची, मग नकाशाला हात घालायचा, आणि पाडापाडी कमीत कमी करायची, हा त्यांचा आग्रह. होळकरांच्या इंदूरसाठी त्यांनी केलेला अहवाल 1918 मध्ये छापला गेला. आपल्या जिल्ह्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींच्या घराण्याचे ते संस्थान, म्हणून आपल्या वाचकांनी ही हकिकत जाणून घ्यायलाच हवी.

इंदूरला तेव्हा प्लेगची धास्ती होती. आखणी करणारा हा परका माणूस रस्त्यात दिसला की आता घर पाडणार, अशी लोकांची समजूत. गेडीस यांनी महाराजांकडून एका दिवसाचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीत मिरवणूक जाहीर केली. मार्ग नेहमीचा नव्हता; ज्या गल्लीतली घरे सर्वांत स्वच्छ, तिथून ती जाणार होती. मग गल्ल्यागल्ल्यांत साफसफाईची चढाओढ लागली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता आणि स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, हार घातलेले सफाई कामगार मानाने चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळण्यात आले. गेडीस यांना लोकांचा विश्वास मिळाला तो या मिरवणुकीमुळे, असे मला ठामपणे वाटते. 1919 मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि गो. स. घुर्ये यांच्यासारखा विद्यार्थी त्यांनी विलायतेला शिकायला पाठवला.

जमीन एकत्र करण्याची ती पद्धत पुढे जपानने फार मोठ्या प्रमाणावर वापरली. 1923 च्या भूकंपानंतर तोक्यो तिच्याच आधाराने पुन्हा बांधले गेले. आज जपानच्या नागरी क्षेत्राचा सुमारे 30 टक्के भाग या पद्धतीने विकसित झालेला आहे. 1982 मध्ये हार्वर्डचे विल्यम डोबेल यांनी जपान, कोरिया, तैवान यांचे अनुभव एका ग्रंथात एकत्र आणले आणि जगभरच्या नगररचना विभागांत हा अभ्यासाचा विषय झाला. गुजरातने जुन्या मुंबई कायद्यातली ही पद्धत टिकवली आणि सुधारली. लवादाच्या सुनावण्यांत योजना वर्षानुवर्षे रखडत, म्हणून 1999 मध्ये प्रारूप मंजूर होताच रस्त्यांचा ताबा घेण्याची तरतूद केली. अहमदाबादचा 76 किलोमीटरचा वर्तुळाकार रस्ता आणि 2001 च्या भूकंपानंतरचे भूज हे त्याचे फळ.

आता हिशेब नगरचा. समजा, केडगावच्या शिवारात 40 एकर जमीन आणि 25 खातेदार आहेत. योजनेत 40 टक्के जमीन रस्ते, बाग, शाळा आणि खर्चापुरत्या विक्रीसाठी निघाली, तर एका एकराच्या मालकाला 24 गुंठे परत मिळतील. जमीन घटली, हे खरे. पण पूर्वी ज्याला दुसऱ्याच्या बांधावरून जावे लागत होते, त्याचा भूखंड चौकोनी आणि रस्त्याला लागून असेल. सुधारणा शुल्क द्यावे लागते, तेही वाढलेल्या किमतीतून. आपल्या शेतकऱ्यांना हे अगदी नवे नाही. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याखाली एकत्रीकरण झाले, त्यातूनच सातबाऱ्यावर सर्व्हे नंबराच्या जागी गट नंबर आले.

महाराष्ट्राच्या 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात पाचवे प्रकरण याच योजनांचे आहे. तरी आपण अनेक वर्षे विकास आराखड्यावर आरक्षणे टाकत राहिलो आणि भूसंपादनाला पैसा नसल्याने ती कागदावरच राहिली. अलीकडे पुण्याजवळच्या म्हाळुंगे-माण इथे आणि नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या 'नैना' क्षेत्रात योजना आल्या. 'नैना'त शेतकऱ्यांचा विरोधही झाला. तो विरोध मी रास्त मानतो. किती जमीन जाणार, कोणता भूखंड मिळणार, कधी मिळणार, हे आधी समजल्याशिवाय कुणी सही का करावी? पाच-दहा गुंठ्यांच्या मालकाला तर परत मिळणारा तुकडा घरापुरता उरेल की नाही, हाच प्रश्न असतो. त्याच्यासाठी कपात कमी ठेवायला हवी.

गेडीस यांच्या पद्धतीची पायी पाहणी इथेच कामाला येते. नगरच्या सीएसआरडी संस्थेत समाजकार्य शिकणारे विद्यार्थी आहेत, विळद घाटात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शहराच्या एका कडेचे बांध, विहिरी, ओढे, बोळी आणि खातेदार यांची पाहणी या मुलांनी केली, तर महापालिकेच्या हाती लोकांना दाखवता येईल असा नकाशा येईल. परदेशी तज्ज्ञ मदतीला आले, तरी त्यांना आधी हाच नकाशा लागेल.

शहराच्या हद्दीलगत ज्यांची शेती आहे, त्यांना एक विनंती. गुंठे पाडायच्या आधी शेजारच्या चार खातेदारांशी बोला, महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन आपला गट कोणत्या क्षेत्रात येतो ते विचारा. आणि प्रारूप योजनेची नोटीस निघाली, तर हरकत घ्यायला 30 दिवसच असतात, हे लक्षात ठेवा.