नर्सिंग, परदेश आणि इंग्रजीची परीक्षा

मुलीचे बी.एस्सी. नर्सिंग झाले, एखाद्या हॉस्पिटलात दोन वर्षे ड्यूटी झाली, की आपल्या घरांत परदेशाचा विषय निघतो. कोकणातल्या कितीतरी घरांना आखाताचा रस्ता जुना आहे. आता मुली इंग्लंड-आयर्लंडचेही नाव काढतात आणि तिथे पहिल्याच पायरीवर इंग्रजीची परीक्षा उभी असते. "आपली मुलगी उर्दू मीडियमची (किंवा मराठी मीडियमची), तिला हे जमायचे नाही," असे म्हणून पुष्कळ घरांत विषय तिथेच मिटवला जातो. ही समजूत आम्हाला चुकीची वाटते.

ही अट कशासाठी?

काहींना वाटते, ही अट आपल्या लोकांना अडवण्यासाठी आहे. त्यांनी इंग्लंडमधली २००८ सालची एक घटना ऐकावी. जर्मनीहून कामाला आलेल्या एका डॉक्टरने केंब्रिजशायरमध्ये ७० वर्षांच्या रुग्णाला वेदनाशामक औषधाचा दहापट डोस दिला आणि रुग्ण दगावला. थकवा आणि औषधाची अनोळख ही कारणे होतीच. पण त्याचे इंग्रजी कच्चे म्हणून दुसऱ्या शहरात त्याला आधी नाकारले होते, हेही पुढे उघड झाले. भारतीय डॉक्टरांना तेव्हाही इंग्रजी सिद्ध करावे लागे. युरोपातल्या डॉक्टरांना ती अट नव्हती. २०१४ मध्ये नियम बदलून त्यांचीही भाषा तपासण्याचा अधिकार तिथल्या मेडिकल कौन्सिलला मिळाला. म्हणजे प्रश्न रुग्णाच्या जिवाचा आहे.

परीक्षा कोणत्या?

इंग्लंडची नर्सिंग कौन्सिल दोन परीक्षा मानते. पहिली आयईएलटीएस, तीही अकॅडमिक प्रकारची. तिच्यात ऐकणे, वाचणे आणि बोलणे यांत प्रत्येकी ७ आणि लिहिण्यात ६.५ गुण लागतात. तिचे विषय सर्वसाधारण असतात. शहरातली वाहतूक किंवा शाळेतले शिक्षण यांवर निबंध लिहावा लागतो.

दुसरी ओईटी. ती ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात खास आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी तयार झाली. नर्स, डॉक्टर, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट अशा १२ व्यवसायांसाठी ती घेतली जाते. इंग्लंडच्या कौन्सिलने ती २०१७ च्या अखेरीस मान्य केली. ऐकणे, वाचणे आणि बोलणे यांत 'बी' ग्रेड, म्हणजे ५०० पैकी किमान ३५०, आणि लिहिण्यात 'सी प्लस', म्हणजे किमान ३०० लागतात. वॉर्डात काम केलेल्या मुलीला इथले विषय ओळखीचे असतात, म्हणून अनेक जणी हीच निवडतात.

अडते कुठे?

बोलण्याच्या भागात समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक होते. एक कार्ड मिळते, ३ मिनिटे विचाराला आणि सुमारे ५ मिनिटे संवादाला. असे दोन प्रसंग असतात. आजीला इन्सुलिनच्या सुईची भीती वाटते, तिला समजवा. अशा धर्तीचे हे प्रसंग. इथे उच्चार, व्याकरण पाहतातच, पण रुग्णाचे ऐकून घेतले का, त्याची काळजी ओळखली का, याचेही गुण असतात. जी मुलगी ड्यूटीवर "घाबरू नका चाची, काय वाटतंय ते सांगा," असे म्हणते, तिच्याकडे अर्धी तयारी आहे. उरलेली अर्धी तेच इंग्रजीत सहज म्हणण्याची.

लिहिण्याच्या भागात ४५ मिनिटे असतात. रुग्णाचा केसपेपर देतात आणि त्यावरून, उदाहरणार्थ, डिस्चार्जनंतर घरी जाऊन पट्टी बदलणाऱ्या नर्सला पत्र लिहायचे असते. बऱ्याच मुली केसपेपरातले सगळेच उतरवून काढतात. पत्र वाचणाऱ्या नर्सला काय हवे आणि काय गाळायचे, हे ठरवणे इथे महत्त्वाचे.

ऐकण्याच्या भागात रेकॉर्डिंग एकदाच वाजते आणि बोलणारे वेगवेगळ्या ढंगाचे असतात. प्रत्यक्षातही तसेच. इंग्लंडमधले एखादे म्हातारे आजोबा 'स्पेंड अ पेनी' म्हणतात, तेव्हा त्यांना पैसे खर्चायचे नसतात. लघवीला जायचे असते. असे कान एका महिन्याच्या क्लासने तयार होत नाहीत.

घरच्यांनी काय करावे?

पहिले, वेळ द्यावा. आठ-बारा तासांची ड्यूटी करून आलेली मुलगी स्वयंपाक, पाहुणे आणि धाकट्यांचा अभ्यास सांभाळून रात्री अकराला पुस्तक उघडते आणि मग नापास झाली की आपण मीडियमला दोष देतो. सहा महिने रोज दीड तास तिचा असू द्यावा. भावाने रुग्ण व्हावे, तिने सिस्टर व्हावे. बोलण्याचा सराव घरातही होतो.

दुसरे, एका प्रयत्नाने हिंमत हरू नये. एखाद्या भागात थोडे गुण कमी पडले, तर इंग्लंडची कौन्सिल १२ महिन्यांच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे निकाल काही अटींवर एकत्र धरते. मात्र निकाल साधारण दोन वर्षेच चालतो. पुढे नर्सिंगच्या ज्ञानाची कॉम्प्युटरवरची परीक्षा आणि इंग्लंडमध्ये प्रात्यक्षिकही असते. म्हणून कागदपत्रे आधी जमवावीत आणि मगच तारीख घ्यावी.

तिसरे, "परीक्षा न देता सर्टिफिकेट मिळवून देतो" म्हणणाऱ्या एजंटापासून दूर राहावे. या परीक्षांची फी मुळातच मोठी, त्यात असा माणूस लाखो रुपये मागतो. कौन्सिल निकाल थेट परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून पडताळते. २०२३ मध्ये नायजेरियातल्या एका केंद्रावर नर्सिंगच्या कॉम्प्युटर परीक्षेत गैरप्रकार झाल्याचे समोर आले, तेव्हा तिथून पास झालेल्या शेकडो नर्सेसची चौकशी लागली. अनेक जणी तोपर्यंत इंग्लंडमध्ये कामालाही लागल्या होत्या. खोट्या कागदावर मिळालेली नोकरी तर जातेच, नावही जाते.

आणि समजा, मुलगी परदेशी गेलीच नाही. तरी केसपेपर अचूक लिहिणारी, रुग्णाचे नीट ऐकणारी सिस्टर रत्नागिरीच्या वॉर्डातही हवीच आहे. ही मेहनत वाया जाणारी नाही. मुलीने विषय काढला, तर तिचे मीडियम कोणते हे विचारण्याआधी एवढेच विचारावे: रोजचा दीड तास तुला कोणत्या वेळी हवा?