जमीन गेली तर पुढे काय?



१९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. भातशेती-मिठागरांवर चालणारी घरे एकाएकी मोबदल्यावर आली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली.

आपल्याकडेही रस्ता, कालवा विचारून येत नाही. म्हणून आम्ही सांगतो : सातबाऱ्यावर मयताचे नाव असेल तर बहिणींसह वारसनोंद करा. मोबदला आला तर आधी उत्पन्नाची सोय, मग मोटारसायकल. मुलामुलींना शेतीबरोबर एखादा हुन्नर शिकवा. शेअरला वारस नेमला नसेल, तर गट ऑफिसात या. अर्ज आम्ही भरून देऊ.