तपासणी फक्त तिचीच का?

दिवाळीला भारतातून फोन येतो. फराळ झाला का, आकाशकंदील लावला का, हे विचारून झालं की पलीकडचा आवाज जरा खाली येतो. "मग, यंदा काही गोड बातमी?" लक्षात घ्या, हा प्रश्न सुनेला विचारतात. मुलाला कुणी विचारत नाही. मग तपासण्याही तिच्याच सुरू होतात. रक्ताच्या, सोनोग्राफीच्या, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहणारी, जी चांगलीच दुखते. अमेरिकेत येऊन आपण रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायला शिकलो. हा क्रम मात्र बॅगेतून जसाच्या तसा घेऊन आलो.

वस्तुस्थिती अशी, की मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये कारण नवऱ्याकडे असतं, एकटं किंवा बायकोकडच्या कारणाच्या जोडीने. आणि नवऱ्याकडच्या कारणांमध्ये वारंवार सापडणारं, शिवाय दुरुस्त करता येण्याजोगं कारण म्हणजे व्हेरिकोसील. नाव परकं वाटलं तरी प्रकार ओळखीचा आहे. दिवसभर उभं राहणाऱ्यांच्या पोटऱ्यांवर निळ्या, फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा तुम्ही पाहिल्या असतील. तसंच वृषणाच्या वर, अंडकोशाच्या आत होतं. रक्त वर नेणाऱ्या शिरांतल्या झडपा नीट मिटत नाहीत, रक्त खाली साचतं आणि शिरा फुगतात. बहुतेकदा हे डावीकडे होतं. कारण उजवीकडची शीर थेट पोटातल्या महाशिरेला तिरकी मिळते, तर डावीकडची लांबचा प्रवास करून मूत्रपिंडाच्या शिरेला जवळजवळ काटकोनात मिळते. नळाच्या जोडणीसारखाच हा हिशोब.

साधारण 15 टक्के पुरुषांना व्हेरिकोसील असतं. मूल होत नाही म्हणून तपासायला येणाऱ्यांत हे प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास जातं. वृषणं शरीराबाहेर असतात ती उगाच नव्हे. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो. तिथे गरम रक्त साचून राहिलं की शुक्राणूंची संख्या, चाल आणि घडण तिन्ही बिघडू शकतात. फुगलेल्या शिरांच्या बाजूचं वृषण लहान होतं, हे पहिल्या शतकात रोमच्या सेल्ससने लिहून ठेवलं होतं. पण 1950च्या दशकात एडिंबराच्या टलक यांनी वीर्यात एकही शुक्राणू नसलेल्या एका रुग्णावर शस्त्रक्रिया केली आणि पुढे त्याच्या पत्नीला दिवस गेले, तेव्हा कुठे डॉक्टरांनी हा विषय मनावर घेतला.

आता न विचारलेला प्रश्न. तपासणी टाळणाऱ्या बहुतेकांच्या मनात वेगळीच भीती असते: आपल्या पुरुषत्वातच काही कमी निघालं तर? तर स्पष्ट सांगते. शुक्राणू कमी असणं आणि शरीरसंबंध न जमणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हेरिकोसील असलेल्या बहुसंख्य पुरुषांची इच्छा, ताठरता सगळं नेहमीसारखं असतं. काहींमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी आढळतं आणि शस्त्रक्रियेनंतर ते काहीसं वाढूही शकतं, हे खरं. पण केवळ 'जोम' वाढवण्यासाठी कुणी ऑपरेशन सुचवत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

घाबरायचं नाही, हेही तितकंच खरं. व्हेरिकोसील असलेले बहुतेक पुरुष कसल्याही उपचाराविना बाप होतात. अनेकांना काहीच जाणवत नाही. काहींना उभं राहिल्यावर बोटांना शेवयांचा गुंता लागावा तसं लागतं, संध्याकाळी जडपणा येतो, आडवं झालं की बरं वाटतं. डॉक्टरांच्या हाताला व्हेरिकोसील लागतं, वीर्याचा अहवाल बिघडलेला आहे आणि मूल हवं असून होत नाही, असं तिन्ही जुळलं तरच शस्त्रक्रियेचा विचार करतात. फक्त सोनोग्राफीत दिसलेल्या बारीकशा व्हेरिकोसीलला हात लावू नये, असं इथल्या यूरॉलॉजिस्टांच्या संघटनेचंच म्हणणं आहे. मात्र फक्त उजवीकडे, अचानक आलेली किंवा आडवं झाल्यावरही न बसणारी सूज असेल, तर लगेच दाखवा. क्वचित मूत्रपिंडाजवळची गाठ शिरेवर दाब देत असते.

शस्त्रक्रियेत जांघेपाशी लहानसा छेद घेऊन, मायक्रोस्कोपखाली बघत फुगलेल्या शिरा तेवढ्या बांधतात. बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. दुसरा मार्ग म्हणजे बारीक नळी आत सरकवून शीर आतूनच बंद करणं. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचा अहवाल सुधारतो. मूल होईलच अशी हमी मात्र कुणी देऊ शकत नाही. एक शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासून जीव टांगणीला लावू नका. आणि बायकोचं वय पस्तिशीपुढे असेल, तर एवढं थांबायचं की थेट आयव्हीएफकडे वळायचं, हे दोघांच्या डॉक्टरांशी एकत्र बसून ठरवा. विमा कंपनीलाही आधीच विचारा. वंध्यत्वाच्या उपचारांना वेगळे नियम असतात, यूरॉलॉजीच्या शस्त्रक्रियेला वेगळे.

वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत (बायको पस्तिशीपुढची असेल तर सहा महिने), की दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करायची. त्याची तर किती सोपी! दोन ते सात दिवस संबंध टाळून वीर्याचा नमुना द्यायचा. घरून नेणार असाल तर अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात लॅबमध्ये पोचवायचा. सुई नाही, भूल नाही. अहवाल बिघडलेला आला तर काही आठवड्यांनी पुन्हा एकदा, कारण नुसत्या तापानेही आकडे घसरतात.

घरात वयात येणारा मुलगा असेल, तर आणखी एक. व्हेरिकोसील बहुधा याच वयात सुरू होतं. वार्षिक तपासणीत डॉक्टर "तू जरा बाहेर थांबतेस का?" म्हणाले, तर आईने खुशाल बाहेर थांबावं आणि त्यांना सगळं तपासू द्यावं. एका बाजूचं वृषण वाढीत मागे पडत असेल, तर ते तेव्हाच कळतं.